रिकी रुबियोची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉल लीग पाहणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांना रिकी रुबियो आठवतो तो मिनेसोटाचा, केस वाढवलेला, बघतो एकीकडे आणि पास देतो दुसरीकडे असा मुलगा म्हणून. युरोपात त्याची गोष्ट त्याआधी सहा वर्षं सुरू झाली होती आणि एनबीए सोडल्यावरही चालू राहिली. ती अमेरिकेतल्या आकड्यांवरून मोजली की हाती फार थोडं लागतं, म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

रिकी रुबियो कोण?

स्पेनचा पॉइंट गार्ड. पूर्ण नाव रिकार्द रुबियो इ व्हिवेस. जन्म 21 ऑक्टोबर 1990, बार्सिलोनाजवळच्या एल मास्नू या समुद्रकाठच्या गावात. थोरला भाऊ मार्कसुद्धा बास्केटबॉलपटू. रिकी चौदाव्या वर्षी स्पेनच्या अव्वल लीगमध्ये खेळला, सतराव्या वर्षी ऑलिंपिकच्या फायनलमध्ये उतरला आणि 2019 च्या वर्ल्ड कपमध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2023 मध्ये मानसिक आरोग्याचं कारण उघडपणे सांगून त्याने खेळ थांबवला.

पॉइंट गार्डचं काम नेमकं काय असतं?

बॉल पुढे आणायचा, कुठला डाव खेळायचा ते ठरवायचं आणि ज्याला जिथे हवा तिथे बॉल पोचवायचा. व्हॉलीबॉलमध्ये सेटर जे करतो तेच इथे पॉइंट गार्ड करतो, फक्त त्याला हे सगळं पळता पळता आणि अंगावर माणूस असताना करावं लागतं. स्कोअरबोर्डवर नाव दुसऱ्याचं लागतं. याच्या खात्यात असिस्ट जमा होतो, तोही पास मिळालेल्या साथीदाराने बास्केट केली तरच.

युरोपात या जागेला पूर्वापार मोठा मान आहे. ग्रीसचे पापालुकास आणि दियामांतिदिस, लिथुआनियाचा यासिकेव्हिचियस, सर्बियाचा तेओदोसिच ही सगळी मंडळी सामन्याचा वेग आपल्या हातात ठेवून खेळली. तिथे सामना 40 मिनिटांचा असतो, एनबीएत 48 मिनिटांचा. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांत बचाव करणाऱ्याला बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात हवा तितका वेळ उभं राहता येतं, एनबीएत तीन सेकंदांची मर्यादा आहे. त्यामुळे युरोपात आत शिरायला वाट कमी मिळते आणि अचूक पासची किंमत वाढते. रुबियो त्याच मुशीतून निघालेला.

चौदाव्या वर्षी खरंच व्यावसायिक सामना खेळला?

हो. 15 ऑक्टोबर 2005 ला ग्रानादाविरुद्ध, बादालोनाच्या जुव्हेंतुत क्लबकडून. तेव्हा त्याचं वय होतं 14 वर्षं, 11 महिने आणि 24 दिवस. स्पेनच्या एसीबी लीगमध्ये इतक्या लहान वयात त्याआधी कुणीच उतरलं नव्हतं.

त्याला उतरवणारे प्रशिक्षक होते आयतो गार्सिया रेनेसेस. तरुण पोरांवर विश्वास टाकण्याबद्दल ते ओळखले जात, पण बादालोनाची परंपराही त्यामागे होती. 1930 साली सुरू झालेला हा क्लब लोक प्रेमाने ‘ला पेन्या’ म्हणून ओळखतात. बार्सिलोना आणि रेआल माद्रिदसारखी या क्लबमागे फुटबॉलची तिजोरी नाही. आपल्या शाळेत खेळाडू घडवायचे आणि त्यांच्या जोरावर लढायचं ही इथली रीत. त्याच बळावर 1994 मध्ये जुव्हेंतुतने युरोपचं विजेतेपदही मिळवलं होतं.

पंधरा वर्षांचा असताना एका फायनलमध्ये 51 गुण केले होते, ते खरं का?

खरं आहे, आणि नुसते गुण सांगून भागत नाही. 2006 ची सोळा वर्षांखालील युरोपियन स्पर्धा स्पेनमध्येच, लिनारेसला झाली. फायनल रशियाविरुद्ध होती. मूळ वेळ संपता संपता स्पेन मागे होता आणि रुबियोने मैदानाच्या मधूनच बॉल भिरकावला. तो गेला, बरोबरी झाली आणि सामना जादा वेळेत गेला. एक जादा वेळ पुरली नाही, दुसरी खेळवावी लागली. शेवटी स्पेन 110-106 असा जिंकला.

रुबियोचा हिशोब: 51 गुण, 24 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर उसळलेला बॉल पकडणं), 12 असिस्ट, 7 स्टील (समोरच्या संघाकडून हिसकावलेले बॉल). पॉइंट गार्डने 24 रिबाउंड घ्यायचे म्हणजे आपल्यापेक्षा वीतभर उंच पोरांच्या गर्दीत घुसून बॉल काढायचा. मला त्या सामन्यातला हा आकडा 51 पेक्षा मोठा वाटतो.

त्या दिवसापासून मात्र त्याच्याकडे मूल म्हणून कुणी पाहिलं नाही. पुढचं सगळं समजून घेताना हे लक्षात ठेवायला हवं.

2008 च्या ऑलिंपिक फायनलमध्ये तो इतक्या लहान वयात कसा पोचला?

त्या वर्षी जुव्हेंतुतने स्पेनचा राजे चषक आणि युरोपातला युलेब चषक असे दोन्ही जिंकले होते, त्यामुळे राष्ट्रीय संघात त्याची वर्णी लागली. संघाचे प्रशिक्षकही तेव्हा आयतोच होते. बीजिंगमध्ये मुख्य पॉइंट गार्ड होसे काल्देरोन जखमी झाला आणि फायनलला सुरुवातीच्या पाचांत रुबियो उभा राहिला. समोर कोबी ब्रायंट, लब्रॉन जेम्स, जेसन किड आणि ख्रिस पॉल. ऑलिंपिक बास्केटबॉलच्या फायनलमध्ये खेळलेला तो सर्वांत लहान खेळाडू ठरला.

स्पेन 118-107 असा हरला, पण चौथ्या क्वार्टरपर्यंत अमेरिकेला घाम फुटला होता. तो सामना अजून पाहिला नसेल तर जरूर पाहा. मला तरी तो ऑलिंपिकमधल्या सर्वांत सुंदर सामन्यांपैकी एक वाटतो. सतरा वर्षांचा मुलगा त्यात कुठेही बुजलेला दिसत नाही.

ड्राफ्ट 2009 मध्ये झाला, मग एनबीएत 2011 मध्ये का गेला?

पैशांमुळे. 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, मिनेसोटा टिंबरवुल्व्ज संघाने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं. नव्वदच्या दशकात जन्मलेला, एनबीएने निवडलेला तो पहिला खेळाडू. पण जुव्हेंतुतशी त्याचा करार शिल्लक होता आणि तो तोडायचा तर क्लबला लाखो युरो भरपाई द्यावी लागणार होती. तेव्हाच्या नियमानुसार एनबीए संघ त्यातले जेमतेम 5 लाख डॉलर देऊ शकत होता. बाकीची रक्कम अठरा वर्षांच्या मुलाने कुठून आणायची?

बार्सिलोनाने मग जुव्हेंतुतशी सौदा केला आणि तो तिकडे गेला. आपल्याकडे बार्सा म्हटलं की फुटबॉलच डोळ्यांसमोर येतो, पण त्याच क्लबचा बास्केटबॉल संघ युरोपातल्या बलाढ्य संघांपैकी आहे. शावी पास्कुआल प्रशिक्षक आणि हुआन कार्लोस नाव्हारो हुकमी एक्का. मे 2010 मध्ये पॅरिसला त्यांनी ऑलिंपियाकोसचा 86-68 असा धुव्वा उडवून युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली, पुढच्या वर्षी स्पॅनिश लीगही घेतली. रुबियोचा वैयक्तिक खेळ मात्र त्या दुसऱ्या वर्षी उतरला होता, शॉट बसत नव्हते आणि टीकाही झाली. तरी ही दोन वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. मोठ्या संघात आपल्या वाट्याला बॉल कमी येतो तेव्हा कसं खेळायचं, हे तो इथे शिकला.

मिनेसोटाने स्टेफ करीला सोडून रुबियोला घेतलं ही चूक नव्हती का?

या प्रश्नाशिवाय रुबियोवरची एकही चर्चा संपत नाही. पाचवा रुबियो, सहावा जॉनी फ्लिन (दोन्ही निवडी मिनेसोटाच्याच) आणि सातवा करी, गोल्डन स्टेटकडे. करी पुढे काय झाला ते जगाने पाहिलं. पण 2009 मध्ये करीच्या अंगकाठीबद्दल शंका होत्या आणि रुबियो ऑलिंपिक फायनल खेळून आलेला होता. निवडीचा दोष द्यायचाच तर तो निवडणाऱ्यांच्या माथी. जो मुलगा निवडला गेला त्याला आयुष्यभर त्याचा जाब विचारायचा, हे मला कधीच पटलं नाही.

एनबीएत पहिलं वर्ष कसं गेलं?

वाऱ्यासारखं, आणि मग एका क्षणात थांबलं. लॉकआउटमुळे, म्हणजे मालक आणि खेळाडू यांच्यातल्या कराराच्या वादामुळे, तो हंगाम 2011 च्या नाताळला सुरू झाला. प्रशिक्षक रिक अॅडलमन, सोबतीला केव्हिन लव्ह. कित्येक वर्षं मार खाणारा मिनेसोटा अचानक पाहण्यासारखा झाला. भारतात हे सामने पहाटे किंवा सकाळी लागतात, पण त्यासाठी गजर लावून उठावं असा खेळ होता तो.

9 मार्च 2012 ला लेकर्सविरुद्ध शेवटच्या क्षणांत कोबी ब्रायंटला अडवताना धडक झाली आणि डाव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांधा जागेवर धरून ठेवणारा स्नायुबंध, फाटला. 41 सामन्यांत सरासरी 10.6 गुण आणि 8.2 असिस्ट, तिथेच हंगाम संपला. त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदितांच्या मानाच्या यादीत त्याची निवड झाली, पण लंडन ऑलिंपिक हुकलं. त्याच्याविना मिनेसोटाची जी घसरण झाली ती 26 विजय आणि 40 पराभवांवर जाऊन थांबली.

त्याचा शॉट इतका कच्चा का मानला जायचा?

कारण आकडे खरोखरच कमी होते. एनबीएतल्या एकूण कारकिर्दीत त्याचे शंभरातले चाळीस शॉटसुद्धा बसले नाहीत. बचाव करणारे मग त्याच्यापासून दोन पावलं मागे सरकून उभे राहायचे: मार बाबा, तूच मार. मागे सरकलेल्या त्या माणसामुळे पासच्या वाटा बंद होतात, खरं नुकसान तिथे होतं. तरीही तो वर्षानुवर्षं सात-आठ असिस्ट देत राहिला. वाट बुजवलेली असताना वाट काढण्याचं कसब त्यातून दिसतं.

युटाला गेल्यावर, 2017-18 मध्ये, शॉट सुधारला आणि सरासरी 13.1 गुणांवर गेली. उशीर झाला, पण सुधारला.

“चेहरा बदल, खुश राहा” हे त्याचं वाक्य कुठलं?

2013 मधलं, मिनेसोटाच्या एका सामन्यातलं. रशियाचा तरुण अलेक्सी श्व्हेद तोंड पाडून बेंचवर बसला होता. रुबियो त्याच्याकडे वळला आणि म्हणाला की हा चेहरा बदल, आनंदी राहा, खेळाची मजा घे. माइकने ते टिपलं आणि मिनेसोटाच्या चाहत्यांच्या तोंडी ते कायमचं बसलं. टी-शर्टावर छापण्यासारखं वाक्य आहे खरं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की सामना चालू असताना बेंचवर कोण खचलंय याकडे त्याचं लक्ष होतं.

आईच्या आजाराचा त्याच्या खेळाशी काय संबंध?

त्याची आई मे 2016 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. त्या उन्हाळ्यात तो रिओ ऑलिंपिक खेळला आणि स्पेनने कांस्य मिळवलं. त्यानंतर त्याने स्वतःच्या नावाची संस्था काढून कर्करोगग्रस्तांसाठी आणि गरजू मुलांसाठी काम सुरू केलं. आई गेल्यानंतर बास्केटबॉलपेक्षा मोठं काहीतरी आहे हे उमगलं, अशा अर्थाचं तो अनेकदा बोलला आहे. मानसिक त्रासाविषयीही तो त्या काळापासूनच मोकळेपणाने बोलू लागला.

त्याच्या कारकिर्दीतलं शिखर कोणतं?

चीनमधला 2019 चा वर्ल्ड कप, यात शंका नाही.

पाव गॅसोल नव्हता, नाव्हारो निवृत्त झाला होता. प्रशिक्षक सेर्जिओ स्कारिओलो यांच्या या संघाकडून फारशी अपेक्षा कुणाला नव्हती. रुबियोच्या हातात पहिल्यांदा पूर्ण संघ आला. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाने दोन जादा वेळा खेळायला लावलं. मार्क गॅसोलने 33 गुण केले आणि रुबियोने 19 गुण, 12 असिस्ट. सामना 95-88. फायनल 15 सप्टेंबरला बीजिंगला, म्हणजे ज्या शहरात अकरा वर्षांपूर्वी त्याच्या गळ्यात रौप्य पडलं होतं तिथेच. अर्जेंटिनाविरुद्ध 95-75, रुबियोचे 20 गुण. स्पर्धेत सरासरी 16.4 गुण आणि 6 असिस्ट, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान.

आंतरराष्ट्रीय खेळात तो एवढा वेगळा का दिसतो, असं अनेक जण विचारतात. एक कारण साधं आहे. तीन गुणांची रेघ तिथे 6.75 मीटरवर असते, एनबीएत वरच्या बाजूला 7.24 मीटरवर. दुसरं कारण अधिक खरं वाटतं: स्पेनच्या संघात मार्क गॅसोल, युल, रुडी फर्नांदेस ही माणसं त्याला पोरवयापासून ओळखत होती. कुठल्या क्षणी पास येईल हे त्यांना न सांगता कळायचं. एनबीएत 2017 नंतर दर एक-दोन वर्षांनी नवा संघ आणि नव्या सवयी असताना हे कसं जमावं?

स्पेनसाठी एकूण किती पदकं?

ऑलिंपिक रौप्य 2008 आणि कांस्य 2016. वर्ल्ड कप सुवर्ण 2019. युरोबास्केट, म्हणजे युरोपियन देशांची स्पर्धा, तिथे सुवर्ण 2009 आणि 2011, कांस्य 2013 आणि 2017. टोकियो ऑलिंपिकला पदक नाही, पण उपउपांत्य फेरीत अमेरिकेविरुद्ध एकट्याने 38 गुण केले.

त्याला इतक्या वेळा ट्रेड का केलं?

ट्रेड म्हणजे संघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करणं. 2017 मध्ये मिनेसोटाने त्याला युटाला दिलं. तिथे त्याने प्रथमच प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, पाहिले आणि 2018 मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध 26 गुण, 11 रिबाउंड, 10 असिस्ट अशी ट्रिपल-डबल (तीन आकड्यांत दोन अंकी कामगिरी) केली. जॉन स्टॉक्टननंतर युटासाठी प्लेऑफमध्ये ते कुणाला जमलं नव्हतं. 2019 मध्ये तो नवा करार करून फिनिक्सला गेला, तो ट्रेड नव्हता. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ख्रिस पॉलच्या बदल्यात ओक्लाहोमाला आणि काही दिवसांत तिथून पुन्हा मिनेसोटाला. 2021 मध्ये क्लीव्हलँड.

कारण सांगायचं तर त्याचा करार मध्यम रकमेचा होता, हिशोब जुळवायला सोयीचा. शिवाय तरुण पोरांना शिकवणारा जाणता माणूस सगळ्यांनाच हवा असतो: युटात डोनोव्हन मिचेल, फिनिक्सला डेव्हिन बुकर, मिनेसोटात अँथनी एडवर्ड्स, क्लीव्हलँडला डॅरियस गारलँड. या चौघांच्या वाढीच्या वर्षांत शेजारी हाच माणूस होता. पण दरवेळी सामानाची खोकी भरायची, घर बदलायचं आणि नव्या लोकांशी जुळवून घ्यायचं, हे कुणालाही थकवणारंच.

दुसरी दुखापत केव्हा झाली?

28 डिसेंबर 2021, न्यू ऑर्लीन्स. तोच डावा गुडघा, तोच एसीएल. आणि वेळ कोणती? नोव्हेंबरमध्येच त्याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 37 गुण ठोकले होते, एनबीएतले त्याचे सर्वाधिक, तीन गुणांचे नऊपैकी आठ शॉट बसवून. ज्याला शॉट येत नाही म्हणून दशकभर हिणवलं, त्याने. दुखापतीच्या रात्रीसुद्धा 27 गुण, 13 रिबाउंड आणि 9 असिस्ट झाले होते. वयाच्या एकतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जानेवारी 2023 मध्ये तो परतला, पण पूर्वीची चपळाई राहिली नव्हती.

2023 मध्ये त्याने खेळ का थांबवला?

ऑगस्ट 2023 मध्ये, वर्ल्ड कपच्या तयारीच्या शिबिरातून बाहेर पडून, त्याने जाहीर केलं की मानसिक आरोग्याची काळजी घेण्यासाठी आपण खेळ थांबवतो आहोत. 4 जानेवारी 2024 ला एनबीएतली कारकीर्द संपल्याचं सांगताना त्याने अधिक लिहिलं. 30 जुलैची रात्र आयुष्यातल्या सर्वांत कठीण रात्रींपैकी एक होती, मन काळोखात गेलं. आपण त्या दिशेने चाललोय याची थोडी कल्पना होती, पण गोष्ट हाताबाहेर जाईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी थांबायचं ठरवलं. असा त्याचा आशय.

त्याहून जास्त खोदून काढण्याचा हक्क आपल्याला नाही. पण एवढं म्हणायला हरकत नाही की चौदाव्या वर्षापासून लोकांच्या नजरेखाली वाढलेल्या माणसाने, गतविजेत्या संघाचा मोहरा असताना, स्पर्धेच्या तोंडावर ‘मला मदत हवी आहे’ असं सांगणं हे मैदानावरच्या कुठल्याही पराक्रमापेक्षा कमी धाडसाचं नव्हतं. ‘मनावर घेऊ नको, खेळत राहा’ असं पोरांना सांगणाऱ्या आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी आणि पालकांनी त्याचं ते निवेदन शांतपणे वाचावं.

मग कारकीर्द तिथेच संपली का?

नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये तो बार्सिलोनाकडे परतला आणि हंगामाचा उरलेला भाग खेळला, त्याच महिन्यात स्पेनच्या संघातही दिसला. पॅरिस ऑलिंपिकला मात्र तो नव्हता आणि 2024-25 चा अख्खा हंगाम बाहेर राहिला. 2025 च्या उन्हाळ्यात त्याने करार केला तो जुव्हेंतुतशी, बादालोनाच्या त्याच हिरव्या-काळ्या जर्सीसाठी.

एनबीएतले एकूण आकडे काय?

बारा हंगाम, 698 सामने. सरासरी 10.8 गुण, 7.4 असिस्ट, 4.1 रिबाउंड, 1.8 स्टील.

शाळेतल्या किंवा क्लबमधल्या मुलांना त्याचा खेळ दाखवायचा तर काय दाखवावं?

पाठीमागून दिलेले पास सगळे दाखवतात, ते बाजूला ठेवा. पिक-अँड-रोलमध्ये, म्हणजे साथीदार बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभा राहून आडोसा (स्क्रीन) देतो आणि मग बास्केटकडे वळतो त्या डावात, त्याचे पाय पाहायला सांगा. स्क्रीनच्या खांद्याला खांदा घासून तो निघतो, मग एकदम वेग कमी करतो आणि बचाव करणाऱ्याला पाठीवर अडकवून ठेवतो. तो माणूस मागेच राहतो, उंच खेळाडूला पुढे यावं लागतं आणि बास्केटखालचा साथीदार मोकळा होतो. वेग वाढवणं मुलं आपोआप शिकतात, कमी करणं शिकवावं लागतं.

दुसरं, त्याचे हात. बचाव करताना ते कधी खाली लोंबत नाहीत. एक हात पासच्या वाटेत, दुसरा बॉलजवळ, आणि झडप खालून वर, म्हणजे फाउल लागायची भीती कमी. 2019 च्या वर्ल्ड कपचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना यासाठी उत्तम. शेवटचा क्वार्टर आणि दोन्ही जादा वेळा एकदा आवाज बंद करून दाखवा, बॉल सोडून फक्त रुबियोकडे पाहायला सांगा, आणि प्रत्येक पासच्या आधी थांबवून विचारा की आता बॉल कुणाकडे जाईल.